पद्मिनीच्या नोंदी: करंट जातोय कुठे?

शनिवार, ४ जानेवारी २०२५

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८५ची. १०८९ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. आरसीवर काहीही लिहिलेलं असो, घरात तिला फियाटच म्हणतात. तक्रार एका ओळीची: सेल्फ मस्त फिरतो, गाडी चालू होत नाही.

मागची हकिकत आधी लिहून ठेवतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडी सांगून कंटाळा आलाय आणि दरवेळी ती थोडी बदलतेय. पाडव्याला, २ नोव्हेंबरला, सोलापुरातल्या होटगी रोडने मावशीकडे निघालो होतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी झकास चालली आणि एकदम मेली. आचके नाहीत, फटफट नाही. कुणीतरी हात घालून चावी बंद करावी तशी. रस्त्याच्या कडेला सेल्फ मारमारून बॅटरी उतरवली आणि शेवटी टेम्पोला दोर बांधून घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा चावी लावून बघावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सरळ मिस्त्रीला बोलावलं. मी कामाला हैदराबादला होतो. त्याने नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, नवा रोटर असा ठिणगीच्या यंत्रणेचा अख्खा सेट टाकला. गाडी चालू झाली नाही. मग ‘कार्बोरेटर खोलावा लागेल, पंप गेला असेल, नाहीतर इंजिनच बसलं असेल’ अशी तीन निदानं ठेवून तो गेला, तो गेलाच. दोन महिने गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, अंगावर आमच्याच दुकानातली जुनी चादर पांघरून उभी.

आता घाई आहे. आरसीची मुदत १८ फेब्रुवारीला संपते. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी हे नूतनीकरण येतं आणि तपासणीला गाडी आरटीओत न्यावी लागते. टेम्पोमागून नेलेली गाडी कोण पास करणार? २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण आपल्या गाडीला त्याला अजून दहा वर्षं आहेत. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने नुसती म्हातारी.

आज केलेलं काम. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली होती: उभी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.१. म्हणजे बॅटरीवर संशय नको. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून पाच लिटर नवं घातलं. चारही प्लग काढले. ओले, पेट्रोलचा वास येणारे. म्हणजे पंप आणि कार्बोरेटर आपापलं काम करताहेत. मिस्त्रीच्या तीन निदानांपैकी दोन इथेच बाद. प्लग पुसून, वाळवून, एकेक वायरला लावून इंजिनवर टेकवला, लेकीला आत बसवलं. ‘मार!’ म्हटलं की ती सेल्फ मारते. चारही प्लगांवर काळोख.

मग कॉईलमधून (ही बॅटरीच्या बारा व्होल्टांचे हजारो करते) निघणारी मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (हा ती ठिणगी फिरत्या रोटरने पाळीपाळीने चारही प्लगांना वाटतो) कपातून उपटली आणि कपड्याच्या लाकडी चिमट्यात धरून इंजिनपासून अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवली. ठिणगी पडली, बारीक, पिवळट, मधेच दांडी मारणारी.

आण्णा, म्हणजे वडील, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना आता वाकवत नाही, पण कान आणि आवाज शाबूत आहेत.

‘रंग कसाय?’

‘पिवळा.’

‘मग ती ठिणगी नव्हे, उदबत्ती. निळी पाहिजे आणि चट्ट वाजली पाहिजे.’

रविवार, ५ जानेवारी

आज फक्त एकच प्रश्न घेतला: कॉईलपर्यंत पुरे व्होल्ट पोचतात का?

इथे मी आधी फसलो, म्हणून नीट लिहितो. चावी ऑन करून कॉईलच्या प्लसवर मीटर लावला: १२.४. ‘चांगलंय’ म्हणून पुढे जाणार होतो. आण्णांनी विचारलं, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली, कॉईलचा करंट चालू-बंद करणारी दोन तोंडं) मिटलेले होते का उघडे? ते मी बघितलंच नव्हतं. उघडे होते. उघडे असले की सर्किटमधून करंटच वाहत नाही आणि करंट वाहत नसेल तर सडका जोडसुद्धा मीटरवर राजासारखा दिसतो. पुलीला पाना लावून इंजिन थोडं फिरवलं, पॉइंट मिटले, पुन्हा मोजलं: ८.९ व्होल्ट.

साडेतीन व्होल्ट वाटेत गेले. कॉईलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स मी मोजला तो ३ ओहम. म्हणजे ८.९ व्होल्टवर करंट जेमतेम ३ अँपिअर आणि उरलेल्या साडेतीन व्होल्टांची कुठेतरी शेगडी पेटलेली. दहाएक वॉट. डॅशबोर्डमागे हात घालून चावीचा स्विच चाचपला तर कोमट. तिथेच.

खात्रीसाठी बॅटरीच्या प्लसवरून कॉईलच्या प्लसला सरळ एक वायर जोडली. ठिणगी जरा जाड झाली, पण निळी नाही. प्लगांवर अजूनही काही नाही. म्हणजे स्विच हा एक आजार आहे, मुख्य आजार नाही.

स्विच काढला. मागचं एक टर्मिनल ढिलं, स्क्रूखाली हिरवट-काळी पूड. पॉलिश पेपरने घासलं, पितळ दिसेपर्यंत. नवं टोक दाबून बसवलं. आता पॉइंट मिटलेले असताना कॉईलवर ११.८.

आणि एक गाढवपणा. हे सगळं करताना ती सरळ वायर कॉईलवर तशीच राहिली, पॉइंट मिटलेले. चावी खिशात होती म्हणून निर्धास्त होतो; पण सरळ वायरला चावीशी काय देणंघेणं? बारा व्होल्ट, चार अँपिअर, पन्नास वॉट, तासभर. डांबर तापल्यासारखा वास आला म्हणून हात लावला तर चटका बसला. वायर तोडली, कॉईल गार व्हायला सोडली. पुन्हा मोजली: प्रायमरी ३ ओहम, सेकंडरी (प्लगांकडचं वेटोळं) ७.८ किलो-ओहम. मीटरवर तरी जिवंत आहे. पण आता तिच्यावर माझा पूर्ण विश्वास राहिला नाही आणि त्याचा दोष कॉईलचा नाही.

बुधवार, ८ जानेवारी, रात्री

जेवणानंतर दोन तास मिळाले. कप काढून पॉइंट बघितले.

दोन महिन्यांपूर्वी टाकलेले, धड अर्धा किलोमीटरही न चाललेले पॉइंट. दोन्ही तोंडं निळी-काळी, एकीवर बारीक खड्डा आणि समोरच्या तोंडावर तेवढाच उंचवटा. फिलर गेज घातला: गॅप ०.४५ मिलिमीटर, बरोबर. मग जळाले कसे?

चावी ऑन ठेवून कुल्फीच्या काडीने पॉइंट उघडून-मिटून बघितले. प्रत्येक वेळी उघडताना पॉइंटांमध्येच पिवळी, जाड, तोंडभर ठिणगी. हीच ती. प्लगांत पडायची ती ठिणगी इथे पडत होती.

हे लेकीला समजावून सांगितलं, तेव्हा मलाही नीट समजलं. पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉईलच्या प्रायमरीत करंट वाहतो आणि आतल्या लोखंडाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं. जितकं झटक्यात कोसळेल तितका सेकंडरीत मोठा दाब: दहा-वीस हजार व्होल्ट. पण त्याच झटक्याने प्रायमरीतही दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि ते नुकत्याच उघडलेल्या पॉइंटांमधून उडी मारू बघतात. कंडेन्सरचं काम तो लोंढा क्षणभर पोटात घ्यायचं. कंडेन्सर नसला की करंट पॉइंटांतून ठिणगी होऊन वाहत राहतो, क्षेत्र झटक्यात न कोसळता रेंगाळत उतरतं, आणि प्लगला उदबत्ती मिळते. लेक म्हणाली, ‘म्हणजे दार आपटायचं असतं, आणि हा हळूच लोटतोय.’ झालं, मला वीस वाक्यं लागली.

कंडेन्सर काढून मीटरवर मोजला: ०.२२ मायक्रोफॅराड. पुस्तकी आकड्यात चोख. इथे तासभर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की मीटर त्याला एक-दोन व्होल्टांनी विचारतो, पॉइंट त्याला दोन-तीनशेंनी विचारतात. घरी शूर, रणात पळपुटा.

शुक्रवार, १० जानेवारी

ऑफिसातून येताना दुसरा कंडेन्सर घेतला. बसवला. पॉइंटांत तशीच तोंडभर पिवळी ठिणगी. दुकानदाराचं म्हणणं, मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर माल खपायचा म्हणून चांगला यायचा; आता येतो तो असाच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ते खरं. पण म्हणून मला मेलेला कंडेन्सर विकायचा?

रविवार, १२ जानेवारी

आण्णांचा डबा.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकण गंजलेलं. चाळीस वर्षांत गाडीतून जे जे काढलं ते ते त्यांनी त्यात टाकलंय: पॉइंट, बुश, वॉशर, अर्धवट घासलेले कार्बन, कुठल्यातरी दाराची कडी. आईने दर दिवाळीला तो भंगारात घालायचा प्रयत्न केला आणि दर दिवाळीला आण्णांनी तो परत आणला. मिस्त्रीने काढलेला जुना सेटही त्यांनी त्यातच ठेवला होता. मिस्त्री तो टाकून देणार होता. आण्णा त्याला म्हणाले होते, ‘राहू दे, माझी गाडी आहे.’

जुना कंडेन्सर पुसून लावला. कुल्फीच्या काडीने पॉइंट उघडले. जवळजवळ ठिणगीच नाही, टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी. कॉईलची जाड वायर चिमट्यात धरली. सात मिलिमीटरवरून निळी ठिणगी, आणि चट्ट असा आवाज. आण्णांनी खुर्चीतून न बघता मान हलवली.

उत्साहात सगळं जोडलं. प्लगांवर काळोख.

आता मात्र रस्ता अरुंद झाला होता. कॉईलमधून करंट निघतोय, प्लगला पोचत नाही. मधे राहतो फक्त डिस्ट्रिब्युटरचा कप, रोटर आणि चार वायरी. चारही वायरी एकाच वेळी मरत नाहीत. कप आतून बाहेरून पुसला, टॉर्च तिरपा धरून तडा किंवा करंट सरपटल्याच्या काळ्या रेघा शोधल्या. काही नाही. मधला कार्बन स्प्रिंगवर नीट आत-बाहेर होतोय.

उरला रोटर. दिसायला नवा कोरा, लालभडक, वरचं पितळ चकाकणारं.

त्याची परीक्षा सोपी आहे, पण माहीत असावी लागते. कप काढून ठेवायचा, रोटर जागेवर. कॉईलची जाड वायर चिमट्यात धरून तिचं टोक रोटरच्या पितळेपासून चार-पाच मिलिमीटर वर धरायचं आणि पॉइंट काडीने उघडायचे. रोटर चांगला असेल तर ठिणगी पडायला नको, पडलीच तर एखादी किरकोळ. कारण पितळेखाली बेकेलाइट, म्हणजे करंट न जाऊ देणारं प्लास्टिक आहे, करंट जाणार कुठे? पडत राहिली, तर खालून वाट आहे.

अंधार पडेपर्यंत थांबलो, शेडचा दिवा बंद केला. काडी हलवली. चट्ट! पुन्हा. चट्ट! दरवेळी निळी ठिणगी पितळेवर, आणि त्याच क्षणी रोटरच्या बुडाशी, दांड्याला टेकतो तिथे, एक निळसर धागा. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकमधून सगळा करंट दांड्यात, दांड्यातून इंजिनात, इंजिनातून जमिनीला. रोटर काढून उलटा केला तर पितळेच्या रिव्हेटखाली सुईच्या टोकाएवढं काळं भोक. भिंगातून बघावं लागलं.

डब्यातला जुना रोटर काढला. पितळेचं टोक खाल्लेलं, रंग मातकट. तीच परीक्षा. काडी हलवली: काही नाही. पुन्हा हलवली: काही नाही. ठिणगी न दिसल्याचा इतका आनंद मला पहिल्यांदाच झाला.

कप लावला. चारही प्लगांवर ठिणगी, निळी.

मग सेल्फ मारला आणि कार्बोरेटरमधून असा फटका आला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, ‘फुटलं का काय?’ उद्यापासून सिद्धेश्वराच्या यात्रेची गडबड. आज पुरे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. नंदीध्वज, गर्दी, पेठेतले रस्ते बंद. गाडीला हात लावला नाही. आण्णांना तिळगूळ दिला तर म्हणाले, ‘वायरी कुठल्या बाजूने मोजल्यास?’ गोड बोला म्हणायचा दिवस.

शनिवार, १८ जानेवारी

त्यांचा प्रश्न बरोबर होता. प्लगच्या वायरी काढताना मी खुणा केल्या नव्हत्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, हे पाठ होतं. रोटर कुठल्या दिशेने फिरतो हे बघितलंच नव्हतं. मी आपला मनाने मोजत गेलो आणि उलट्या दिशेने गेलो. उलटं मोजलं की १-३-४-२चं १-२-४-३ होतं. म्हणजे पहिला आणि चौथा सिलिंडर बरोबर, दुसरा आणि तिसरा एकमेकांच्या जागी. अर्धं इंजिन गाडी चालू करू बघतंय आणि उरलेलं अर्धं त्याला थोबाडीत मारतंय. फटका त्याचाच.

कप काढला, लेकीला सेल्फचा एक झटका मारायला लावला, रोटरची दिशा बघितली, कपावर खडूने बाण काढला. मग शिस्तीत पहिल्यापासून. रेडिएटरजवळच्या पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि पुली पान्याने हळूहळू फिरवली. हवा अंगठा उचलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. (हे केल्याशिवाय नुसती पुलीची खूण जुळवू नये; डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे खूण दोनदा जुळते आणि एकदा खोटी असते.) खुणेपाशी थांबलो. रोटरचं तोंड कपातल्या ज्या टोकाकडे, ती वायर पहिल्याची. तिथून बाणाच्या दिशेने ३, ४, २. प्रत्येक वायरला कापडी चिकटपट्टीवर नंबर.

टायमिंगला बल्ब लावला: एक टोक कॉईलच्या मायनसवर, दुसरं इंजिनला. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. खुणेवर नेमका पेटेल असा डिस्ट्रिब्युटर बोटभर फिरवून आवळला. पॉइंटांची तोंडं बारीक कानशीने सपाट केली, गॅप पुन्हा ०.४५.

रात्रीचे साडेदहा. आण्णा झोपले होते. त्यांच्याशिवाय चावी मारणं बरं दिसेना.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी सव्वाआठ. चोक ओढला, लेकीने सेल्फ मारला. दुसऱ्या झटक्याला चालू.

सायलेन्सरमधून आधी दोन महिन्यांचा गंज-पाणी थुंकलं, मग धूर, मग तो आवाज. शिवणयंत्रावर कुणी जाड कापड घालावं तसा, किंचित टॅपेट वाजणारा. आण्णा काठी न घेता उठून शेडपर्यंत आले, पुढच्या सलग सीटवर बसले आणि काही न बोलता गिअरचा दांडा न्यूट्रलमध्येच दोनदा इकडेतिकडे केला. १९८५मध्ये शेजारचे सगळे नव्या मारुतीसाठी नंबर लावत होते तेव्हा ह्यांनी ही घेतली, कारण चादरीचे गठ्ठे मागे बसले पाहिजेत. शिवाय ते सांगायचे, गाडी कुर्ल्याची असली तरी कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. ते मूळ कारण होतं का नंतर जोडलं, देव जाणे.

आठ तेहतीस. गाडी मेली. तशीच. आचका नाही, फटका नाही. कुणीतरी चावी बंद करावी तशी.

मी खाली बसलोच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाडव्याचा तो क्षण जसाच्या तसा समोर आला होता. म्हणजे तेव्हाचा बिघाड अजून गाडीतच होता, आणि गेले पंधरा दिवस आपण जे दुरुस्त केलं ते सगळं त्याच्यानंतर घातलेलं होतं.

अर्ध्या तासाने सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात चालू. वीसेक मिनिटांनी पुन्हा बंद.

गुरुवार, २३ जानेवारी

संशय कॉईलवर, कारण ती मी भाजलीय. तापली की आतली तार तुटत असेल. गाडी तापवली, मेली, लगेच कॉईलवर ओलं फडकं घातलं. गार केली. फरक नाही. मरणाच्या क्षणी मोजली: प्रायमरी ३ च. कॉईल, माफ कर. कंडेन्सर तापलेला असतानाच दुसरा बदलून बघितला (मेकॅनिक मित्राच्या जुन्या गाडीतला, खात्रीचा). फरक नाही.

रविवार, २६ जानेवारी

आज हाताने काही उघडायचं नाही असं ठरवलं. जे आहे ते तसंच ठेवून नुसतं बघायचं. टायमिंगचा बल्ब पुन्हा त्याच जागी: कॉईलचा मायनस आणि इंजिन. गार गाडीत सेल्फ मारला तर बल्ब लुकलुकतो. पॉइंट मिटतात-उघडतात तसा. गाडी चालू, बल्ब मंद थरथरतोय. एकोणीस मिनिटं. मेली. लेकीला ओरडलो, ‘मार!’ इंजिन फिरतंय आणि बल्ब स्थिर पेटलेला. एकदाही विझत नाही.

स्थिर पेटलेला बल्ब म्हणजे कॉईलपर्यंत करंट आहे, पण कॉईलच्या पुढची वाट जमिनीला पोचत नाही. पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटतात पण कॉईलला त्याचा पत्ता नाही.

कप काढला. पॉइंट मिटलेले दिसत होते, डोळ्यांनी. दोन चिमट्यांची एक वायर घेतली, एक चिमटा कॉईलच्या मायनसला, दुसरा थेट पॉइंटच्या स्प्रिंगला. बल्ब विझला. काडीने पॉइंट उघडले, पेटला. चिमटा काढला, पुन्हा स्थिर.

कॉईलच्या मायनसवरून येणारी वायर डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला असलेल्या टर्मिनलवर संपते. तिथून आत, पॉइंटपर्यंत, एक छोटी वायर आहे. चार बोटं लांब. ती कुणी बदलत नाही, कारण ती कुठल्याच सेटमध्ये येत नाही. स्क्रू सोडवून बाहेर काढली. वरचं कापडी-रबरी आवरण अखंड, काळं, तेलकट. दोन टोकांना धरून हळूहळू वाकवत गेलो. सगळीकडे ती तारेसारखी वाकते, टणक. आणि टर्मिनलपासून दीड बोटावर एका जागी एकदम शिजलेल्या शेवईसारखी दुमडते. ब्लेडने आवरण चिरलं. आत तांब्याच्या तारा एकूण एक तुटलेल्या, टोकं हिरवी. आवरणाने त्यांना चाळीस वर्षं एकमेकांना टेकवून धरलं होतं. गार असताना टेकतात. इंजिन तापलं, आवरण मऊ पडलं की सुटतात. हा माझा अंदाज, पण तुकडा टेबलावर ठेवून हेअर ड्रायरने तापवला तर मीटर ०.४ ओहमवरून गायब झाला, गार झाल्यावर परत आला.

नवी वायर कुठली घालायची? घरातली फिटिंगची वायर जाड तारांची, ती थरथरीत महिनाभरात मोडेल. केसासारख्या बारीक तारांची, लवचिक, उष्णता सोसणारी हवी. घरभर शोधून शेवटी मीटरच्याच काळ्या प्रोबची वायर कापली. चार बोटं. दोन्ही टोकांना चकत्या डाखवून बसवली, रोटरला घासणार नाही अशी कडेने वळवली.

आण्णांना तुकडा दाखवला. त्यांनी तो दुमडून बघितला, दोनदा.

‘पाडव्याला होटगी रोडवर अर्धा तास गप उभे राहिलो असतो तर चालू झाली असती,’ म्हणाले.

‘आणि पुन्हा बंद पडली असती.’

‘पडली असती. पण घरी आली असती.’

दुपारी एक तास दहा मिनिटं चालू ठेवली. मेली नाही. मीच बंद केली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आरटीओ. घरून गाडी स्वतःच्या चाकांवर, आण्णा पुढे, मी चालवायला. रांगेत पाऊण तास, ऊन तापलेलं, इंजिन तीन वेळा बंद करून तीन वेळा चालू केलं. प्रत्येक वेळी पहिल्या झटक्याला. चेसिस नंबर, इंजिन नंबर, दिवे, हॉर्न, वायपर. डावा इंडिकेटर लागेना. साहेबांच्या देखत काचेवर टिचकी मारली, लागला. ते हसले, पण लिहून घेतलं.

येताना जुन्या पेठेतून आलो. आण्णांनी सांगितलं म्हणून.

संध्याकाळी मी कचरा आवरत होतो. तो लालभडक नवा रोटर बादलीत टाकला होता. आण्णांनी तो उचलला, त्याच्यावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने ‘खराब’ लिहिलं आणि डब्यात टाकला. आता हा कशाला ठेवताय, विचारलं.

‘पितळ चांगलंय.’

बाकी राहिलेलं: कॉईल बदलायची (चालतेय, पण भाजलेली आहे). पॉइंटचा खात्रीचा नवा सेट शोधायचा. टॅपेट. डाव्या इंडिकेटरचं अर्थिंग. मीटरला नवा प्रोब.